गाण्याचं नाव मोबाइलला कळतं कसं? ऑडिओ फाइलच्या पोटातल्या चिठ्ठीची गोष्ट

पंधरा-एक वर्षांपूर्वी मोबाइलच्या दुकानात जाऊन ज्यांनी मेमरी कार्ड भरून आणलंय, त्यांना हे आठवत असेल. दुकानदार कॉम्प्युटरवर फोल्डर उघडायचा, "मराठी टाकू का हिंदी? डीजे पाहिजे का?" असं विचारायचा आणि पन्नास रुपयांत चारशे गाणी भरून द्यायचा. घरी येऊन गाणं लावलं की स्क्रीनवर गायकाच्या जागी गायकाचं नाव नसायचंच. तिथे कुठल्यातरी डाउनलोड साइटचं नाव असायचं. अल्बमच्या जागी तेच नाव, संगीतकाराच्या जागी तेच. फोटो म्हणून सुद्धा त्याच साइटचा लोगो. फाइलचं नाव बदलून बघितलं तरी प्लेअरमध्ये ते भूत तसंच.

हे नाव तिथे लिहिलेलं असतं कुठे? नाव बदलूनही जात का नाही? आणि ज्यांना ते बदलायचंय, त्यांच्यासाठी प्रोग्रॅमर लोकांनी काय सोय केलीये? आज हाच विषय. तांत्रिक आहे, पण गाणी ऐकणाऱ्या, पॉडकास्ट करणाऱ्या, रेकॉर्डिंग फॉरवर्ड करणाऱ्या प्रत्येकाशी त्याचा संबंध आहे.

पहिली गोष्ट म्हणजे फाइलचं नाव आणि गाण्याचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाइलचं नाव म्हणजे डब्यावर बाहेरून चिकटवलेलं लेबल. ते तुम्ही बदलू शकता. पण डब्याच्या आत, गाण्याच्या आवाजासोबतच, आणखी एक चिठ्ठी ठेवलेली असते. गाणं कुणाचं, कुठल्या अल्बममधलं, कितवं, कोणत्या साली आलं, हे सगळं त्या चिठ्ठीवर. म्युझिक प्लेअर बहुतेक वेळा बाहेरचं लेबल बघतच नाही, आतली चिठ्ठी वाचतो. या चिठ्ठीला म्हणतात मेटाडेटा आणि एमपीथ्रीच्या बाबतीत तिचं लाडकं नाव आहे 'टॅग'.

एमपीथ्री हा प्रकार जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधनातून पुढे आला आणि १९९५ मध्ये या फाइलींना '.एमपीथ्री' हे शेपूट मिळालं. गंमत म्हणजे हे सगळं करताना गाण्याचं नाव कुठे लिहायचं याचा विचार कुणी केलाच नव्हता. फाइलमध्ये फक्त आवाज. मग १९९६ मध्ये एरिक केम्प नावाच्या माणसाने एक जुगाड केला. त्याने फाइलच्या अगदी शेवटी १२८ बाइटचा एक तुकडा चिकटवला. सुरुवातीला 'टॅग' हा तीन अक्षरी रोमन शब्द, मग गाण्याच्या नावाला ३० बाइट, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, सालाला ४, शेऱ्याला ३० आणि संगीतप्रकाराला १. बेरीज करून बघा, बरोबर १२८ होतात. याला नाव मिळालं आयडी-थ्री.

शेवटीच का? कारण तेव्हाच्या प्लेअरना या प्रकाराची कल्पनाच नव्हती. सुरुवातीला काही अनोळखी टाकलं असतं तर ते गोंधळले असते. शेवटी टाकलं तर तोपर्यंत गाणं वाजून झालेलं असतं. साधा, थोडासा कच्चा, पण चालून गेलेला उपाय.

आता त्या ३० बाइटकडे मराठी नजरेने बघू. रोमन लिपीतलं एक अक्षर एका बाइटमध्ये बसतं, म्हणजे इंग्रजी नावाला ३० अक्षरं मिळाली. देवनागरी आपण आज ज्या पद्धतीने साठवतो, त्या यूटीएफ-८ मध्ये एका चिन्हाला ३ बाइट लागतात. आणि चिन्ह म्हणजे पूर्ण अक्षर नव्हे. काना वेगळा, मात्रा वेगळी, जोडाक्षरातलं हलन्त वेगळं. 'ज्ञानेश्वर' हा शब्द घ्या. ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. झाली दहा चिन्हं, म्हणजे मोजून ३० बाइट. संपली जागा. 'ज्ञानेश्वरी' लिहायची म्हटली तर शेवटची वेलांटी बाहेर पडते आणि ग्रंथाचा लेखक होतो!

अर्थात १९९६ मध्ये त्या तुकड्यात देवनागरी घालायची सोयच गृहीत धरलेली नव्हती. अपेक्षा होती ती लॅटिन-१ नावाच्या अक्षरसंचाची, ज्यात पश्चिम युरोपातल्या भाषा बसतात. त्या शेवटच्या एका बाइटचं तर विचारूच नका. संगीतप्रकारासाठी सुरुवातीला ८० प्रकारांची क्रमांकवार यादी होती. त्यात डेथ मेटलला २२ नंबर, प्रँक्सला २३, युरोपातल्या पोल्का नाचाला ७५. अभंग, लावणी, नाट्यसंगीत, ख्याल, यांना नंबर नाही. तुम्ही फार तर ४८ नंबरच्या 'एथ्निक'मध्ये जायचं, नाहीतर १२ नंबरच्या 'अदर'मध्ये. म्हणजे भीमसेन जोशींचा अभंग असो की कोळीगीत, यादीच्या लेखी सगळं 'इतर'. यात कुणाचा दुष्टावा होता असं मला वाटत नाही. एका माणसाने आपल्या ऐकण्यातली यादी केली आणि ती जगभर पसरली, एवढंच.

१९९८ मध्ये याची दुसरी आवृत्ती आली, आयडी-थ्री-व्ही-टू. ही मात्र नीट बसून विचार करून केलेली होती. चिठ्ठी शेवटून उचलून फाइलच्या सुरुवातीला आणली. कारण इंटरनेटवरून गाणं येत असताना नाव कळायला गाणं संपायची वाट कोण बघणार? ३० बाइटची मर्यादा गेली. एक लांबलचक चिठ्ठी झाली आणि तिच्यात 'फ्रेम' नावाचे कप्पे आले. गाण्याच्या नावाचा कप्पा, मुख्य गायकाचा, संगीतकाराचा, गीतकाराचा, अल्बमचा, पूर्ण गीत लिहून ठेवायचा, चित्राचा. चित्रांचे तर एकवीस प्रकार ठरवले. मुखपृष्ठ, मागची बाजू, कलाकाराचा फोटो, रेकॉर्डिंगची जागा असं करत करत १७ व्या क्रमांकावर चक्क 'एक चमकदार रंगाचा मासा' आहे. खोटं वाटेल, पण अधिकृत तपशिलात तो आजही आहे. अशी कागदपत्रं लिहिणाऱ्यांनाही कंटाळा येत असावा.

या आवृत्तीत एक हुशारीची गोष्ट आहे, ती सांगायचा मोह आवरत नाही. एमपीथ्री प्लेअर आवाज कुठून सुरू होतो हे ओळखायला सलग अकरा '१' असलेली खूण शोधतो. समजा चिठ्ठीची लांबी लिहिताना चुकून तशीच खूण तयार झाली, तर जुना प्लेअर चिठ्ठीलाच गाणं समजून वाजवायला लागेल. म्हणून लांबी लिहिताना प्रत्येक बाइटमधल्या आठ बिटांपैकी पहिली कायम शून्य ठेवायची आणि सातच वापरायच्या असं ठरलं. अशा चार बाइट, म्हणजे २८ बिट, म्हणजे चिठ्ठीची कमाल लांबी २५६ एमबी. गाणं पाच एमबीचं आणि चिठ्ठी अडीचशेची असू शकते, नियमाने.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं आम्हाला कशाला? बरोबर. प्रोग्रॅमर लोकांचंही हेच म्हणणं होतं.

समजा तुम्हाला म्युझिक प्लेअर बनवायचाय. एमपीथ्रीची चिठ्ठी सुरुवातीला, जुन्या एमपीथ्रीची शेवटी. व्ही-टूच्या आणखी तीन पोटआवृत्त्या, एकीत कप्प्यांची नावं तीन अक्षरी, पुढच्या दोन्हींत चार अक्षरी. फ्लॅक आणि ऑग फाइलमध्ये वेगळीच पद्धत, 'नाव बरोबर किंमत' अशी सरळ ओळ. आयफोनवाल्या एमफोरए फाइलमध्ये एकात एक डबे. वेव्ह फाइलमध्ये आणखी निराळं. हे सगळं प्रत्येक प्लेअरवाल्याने स्वतः लिहायचं म्हटलं तर गाणं वाजवायचं राहिलंच बाजूला.

इथे येतो एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमने प्रोग्रॅमशी बोलायची ठरलेली खिडकी. जमिनीचा फेरफार काढायला आपण रेकॉर्ड रूममध्ये शिरून गठ्ठे सोडत नाही. खिडकीवर गट नंबर सांगतो. आत कागद कुठल्या कपाटात आहे, मोडीत आहे की बाळबोधमध्ये, तो बघणाऱ्याचा प्रश्न. आपल्या हातात उतारा येतो. ऑडिओ मेटाडेटाचा एपीआय नेमकं हेच करतो. प्रोग्रॅमर म्हणतो, "ही फाइल घे, शीर्षक सांग." फाइल एमपीथ्री आहे, फ्लॅक आहे की एमफोरए, चिठ्ठी पुढे आहे की मागे, ते आतला कोड बघून घेतो.

यातलं एक गाजलेलं नाव म्हणजे टॅगलिब. स्कॉट व्हीलर या प्रोग्रॅमरने ते लिनक्सवरच्या केडीई या डेस्कटॉपच्या 'जुक' प्लेअरसाठी लिहायला घेतलं. सी-प्लस-प्लस भाषेत आहे, मुक्त आहे, आणि तुमच्या-माझ्या लॅपटॉपवरचा व्हीएलसी प्लेअरसुद्धा ते वापरतो. दुसरं नाव म्युटाजेन. ते पायथन भाषेसाठी आहे आणि 'क्वॉड लिबेट' या प्लेअरच्या मंडळींनी केलेलं. आपल्याकडे कॉलेजात पायथन शिकलेल्या कुणालाही ते अर्ध्या तासात वापरता येतं. अँड्रॉइडमध्येही असा एक एपीआय बसवलेलाच आहे, 'मीडिया मेटाडेटा रिट्रीव्हर' नावाचा. पण तो फक्त वाचतो, लिहीत नाही. म्हणून टॅग बदलणाऱ्या ॲपना लिहिण्याची सोय वेगळी आणावी लागते.

वाचणं सोपं. फाइल उघडा, शीर्षक मागा, मिळालं. सोबत गाण्याची लांबी, बिटरेट, मोनो की स्टीरिओ हेही मिळतं. लिहिणं दिसायला तितकंच सोपं आहे. 'शीर्षक अमुक कर' म्हणा आणि शेवटी 'सेव्ह' म्हणा. पण 'सेव्ह'च्या मागे बरंच घडतं. चिठ्ठी फाइलच्या पुढे असल्याने ती लांबली की तिच्यामागचं अख्खं गाणं पुढे सरकवावं लागतं. दरवेळी ते करायला नको म्हणून चिठ्ठीच्या शेवटी थोडी कोरी जागा राखून ठेवतात, वहीत समास सोडतो तशी. छोटी दुरुस्ती त्यात बसते. मोठं चित्र टाकलं तर नाही बसत, मग पूर्ण फाइल नव्याने लिहिली जाते, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली किंवा पेनड्राइव्ह उपसला तर फाइल अर्धवट राहू शकते. टॅग बदलल्याने आवाजाचा दर्जा मात्र बिघडत नाही. आवाजाचा भाग आहे तसाच जागेवरून हलतो, एवढंच.

चित्रावरून आठवलं. फोनची जागा भरली म्हणून गाणी उडवण्याआधी एकदा चित्रांचा आकार बघा. दोन एमबीचं मुखपृष्ठ तीनशे गाण्यांत प्रत्येकी चिकटवलेलं असेल तर सहाशे एमबी निव्वळ चित्रांचे झाले, तेही एकाच चित्राच्या तीनशे प्रती.

आणि त्या साइटच्या नावाच्या भुताचं उत्तर इथेच आहे. एकाच एमपीथ्रीत पुढे नवी चिठ्ठी आणि मागे जुनी १२८ बाइटवाली, अशा दोन्ही असू शकतात. तुम्ही ॲपमधून पुढची बदलता. मोबाइल पुढची वाचतो, खूश. गाडीतला जुना स्टीरिओ मागची वाचतो आणि स्क्रीनवर पुन्हा तेच नाव येतं.

'अँड गीतकार?'

आकाशवाणीवर भावगीत लागायचं तेव्हा निवेदक आधी गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावं सांगायचे. आपल्यातल्या अनेकांच्या आई-बाबांना हजारो गाण्यांचे गीतकार पाठ आहेत ते यामुळे. खरं तर तोही मेटाडेटाच, फक्त आवाजात सांगितलेला. त्याच्याही आधीचा नमुना १९०२ चा आहे. त्या वर्षी कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोवरला. तिथल्या तंत्रज्ञांना गाणं कुणाचं हे कळावं म्हणून गाणं संपता संपता गायिका स्वतःच इंग्रजीत आपलं नाव जाहीर करायची. आज ते ऐकताना मजेशीर वाटतं, पण तो त्या काळचा टॅगच होता, आणि फाइल कितीही वेळा कॉपी झाली तरी न पुसला जाणारा.

आता टॅगलिबकडे परत या. त्याचा जो सर्वांत सोपा, पहिल्यांदा हाताशी येणारा भाग आहे, त्यात सात गोष्टी मिळतात: शीर्षक, कलाकार, अल्बम, शेरा, प्रकार, साल आणि क्रमांक. संगीतकार नाही. गीतकार नाही. म्हणजे सोय नाही असं नाही. आयडी-थ्रीच्या दुसऱ्या आवृत्तीत गीतकाराचा कप्पा पहिल्यापासून आहे, टॅगलिबमध्येही थोडं खोल गेलं की दोन्ही नावं वाचता-लिहिता येतात. पण कुणी नवा प्लेअर घाईत बनवत असेल तर तो आधी ते सात पदार्थच ताटात वाढणार. इंग्रजी पॉपच्या जगात गाणारा आणि लिहिणारा पुष्कळदा एकच असतो, तिथे 'कलाकार' या एका रकान्यात भागतं. आपल्याकडे गदिमा, फडके आणि आशा भोसले ही तीन वेगळी माणसं आहेत.

'गीतरामायण' घ्या. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये वर्षभर चाललेली ५६ गीतं. लिहिली माडगूळकरांनी, चाली सुधीर फडक्यांच्या. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे वेगवेगळे गायक होते. घराघरांत नंतर पोचलं ते बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातलं. एकाच 'कलाकार' रकान्यात हे कसं मांडाल? कुणी माडगूळकर लिहितं, कुणी फडके, कुणी दोघं स्वल्पविराम देऊन. प्लेअरसाठी हे तीन वेगळे कलाकार. त्यात कुणी नाव मराठीत लिहितं, कुणी रोमनमध्ये, कुणी 'सुधीर' कुणी 'बाबूजी'. मग एकच संग्रह पाच ठिकाणी विखुरलेला दिसतो आणि आपण म्हणतो ॲप खराब आहे.

हे नुसतं रसिकांचं दुखणं नाही. २०२० मध्ये स्वानंद किरकिरे, कौसर मुनीर, वरुण ग्रोव्हर अशा हिंदीतल्या पंधरा गीतकारांनी मिळून 'क्रेडिट दे दो यार' नावाचं गाणंच काढलं. मागणी साधी होती: गाण्याच्या ॲपवर आणि व्हिडिओखाली आमचं नाव लिहा. गाणं लिहिणाऱ्यांना नावासाठी गाणं लिहावं लागलं! नाव असणं म्हणजे पुढचं काम मिळणं, रॉयल्टीच्या हिशोबात आपण दिसणं. आणि नाव फाइल तयार होते तेव्हाच भरलं नाही तर पुढे कुणी भरत नाही, हे या धंद्यातला कुणीही सांगेल. तुम्ही स्वतः गाणी किंवा पॉडकास्ट करत असाल तर अपलोड करण्याआधी एमपीथ्रीटॅग किंवा किड-थ्री यांपैकी एखाद्या फुकट प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून गीतकार-संगीतकाराचे कप्पे भरा. दोन मिनिटांचं काम आहे. ॲपवर टाकताना तिथला फॉर्म वेगळा भरावा लागतोच, कारण बऱ्याच ठिकाणी फाइल पुन्हा एन्कोड होते आणि आतली चिठ्ठी गळून पडते.

चिठ्ठीत तुमचंही नाव असू शकतं

२००७ मध्ये ॲपलने आयट्यून्सवर कॉपी-संरक्षण नसलेली गाणी विकायला सुरुवात केली. लोक खूश झाले. मग काहींनी फाइल आतून उघडून बघितली, तर तिच्यात विकत घेणाऱ्याचं नाव आणि ईमेल लिहिलेला. गाणं मित्राला दिलं की सोबत तुमचा ईमेलही गेला. आयफोनच्या व्हॉइस मेमोजमध्ये जागेनुसार नाव द्यायची सेटिंग आहे. ती सुरू असेल तर रेकॉर्डिंगला तुम्ही ज्या ठिकाणी बसलाय त्याचंच नाव पडतं. मुलाखतीचं रेकॉर्डिंग कुणाला पाठवताना मी आता हे आधी बघते.

उलट बाजूही आहे. ग्रुपवर एखादी वादग्रस्त क्लिप येते आणि कुणीतरी स्क्रीनशॉट टाकतं, "बघा, प्रॉपर्टीजमध्ये २०१९ साल दिसतंय, म्हणजे जुनी आहे." या लेखात आतापर्यंत जे वाचलंत त्यावरून उत्तर तुम्हीच द्याल. ते साल कुणीही, दोन ओळींच्या कोडने, हवं ते करू शकतं. टॅगवर सही-शिक्का नसतो. ते साल म्हणजे कुणीतरी लिहिलेला मजकूर आहे, पुरावा नाही.

आणि एक धोका थेट वाचण्यातलाच. ऑक्टोबर २०१५ मध्ये झिंपेरियम या सुरक्षा कंपनीने अँड्रॉइडमधल्या त्रुटींची दुसरी खेप जाहीर केली, 'स्टेजफ्राइट २.०' या नावाने. मुद्दाम बिघडवून बनवलेली एमपीथ्री किंवा एमपीफोर फाइल फोनमध्ये आली, की तिचा मेटाडेटा वाचतानाच फोन फसू शकत होता. गाणं पूर्ण वाजवायचीही गरज नाही, नुसती झलक बघितली तरी पुरे. यातली एक त्रुटी २००८ च्या पहिल्या अँड्रॉइडपासून होती. गुगलने ती दुरुस्त करून अपडेट दिलं. चिठ्ठीवर 'माझी लांबी इतकी' असं खोटं लिहिलं आणि वाचणाऱ्याने विश्वास ठेवला, की असं होतं. अनुभवी एपीआय वापरा, स्वतःचा वाचक लिहू नका, असं प्रोग्रॅमरना सांगतात ते उगाच नाही. आणि आपल्याला फोन अपडेट करा म्हणतात तेही.

प्रश्नचिन्हांचा प्रश्न

मराठी नावांचं काय होतं, हे मी स्वतः हात पोळून शिकले. आजोबांनी गावच्या देवळातल्या कीर्तनांच्या कॅसेट भरून ठेवल्या होत्या. एका दुकानातून त्यांचं डिजिटल करून आणलं, तर पेनड्राइव्हवर नुसतं 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२'. काकांनी कॅसेटवरच्या चिठ्ठ्या वाचून वाचून, काही महिने बसून, प्रत्येक फाइलच्या टॅगमध्ये कीर्तनकाराचं नाव, तिथी आणि आख्यान मराठीत भरलं. गाडीतल्या स्टीरिओवर ते दिसत नव्हतं. मी म्हटलं, मी करते. म्युटाजेन घेतलं, वीस ओळी लिहिल्या.

जुन्या स्टीरिओला कळावं म्हणून मी अक्षरसंच लॅटिन-१ ठेवला. पायथनने एरर दाखवली, की ही अक्षरं यात बसत नाहीत. खिडकीवरच्या माणसाने फॉर्म परत केला होता, म्हणजे त्याने त्याचं काम केलं होतं. मी नेटवर शोधलं, एरर घालवायला 'रिप्लेस' असा एक शब्द टाकायचा म्हणे. टाकला. एरर गेली. कीर्तनकारांची नावंही गेली. 'रिप्लेस'चा अर्थच तो आहे: जे बसत नाही त्या जागी प्रश्नचिन्ह टाक. एकशे ऐंशी फाइली, सगळ्यांवर ओळीने प्रश्नचिन्हं.

यातला एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. कधीकधी मराठी नावाच्या जागी विचित्र युरोपीय अक्षरं दिसतात, डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' पुन्हा पुन्हा येतो. ते दिसलं तर घाबरू नका. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाची पहिली बाइट एकच असते आणि लॅटिन-१ मध्ये त्या बाइटचा अर्थ तो रेघवाला 'ए' होतो. म्हणजे मजकूर शाबूत आहे, चुकीच्या चष्म्यातून वाचला जातोय. योग्य अक्षरसंच सांगितला की नाव परत येतं. श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेल्या जुन्या नावांचंही तसंच, ती दिसतात रोमन कचऱ्यासारखी पण कन्व्हर्टरमधून काढता येतात. प्रश्नचिन्ह मात्र खरंच प्रश्नचिन्ह असतं. त्याच्यामागे काही उरलेलं नसतं.

बरोबर मार्ग काय होता? म्युटाजेन सहसा टॅग २.४ आवृत्तीत लिहितं आणि त्यात यूटीएफ-८ चालतं. पण विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांना आणि बऱ्याच जुन्या उपकरणांना २.४ वाचता येत नसे. म्हणून सेव्ह करताना '२.३ मध्ये लिही' असं सांगता येतं, मग ते मराठी यूटीएफ-१६ मध्ये ठेवतं. एक छोटी सूचना द्यायची होती, बस. आणि त्याआधी पूर्ण फोल्डरची कॉपी. स्टीरिओकडे मराठी फॉन्टच नसेल तर मात्र कुठलाही अक्षरसंच उपयोगाचा नाही, तिथे सरळ रोमनमध्ये नावं लिहिलेली एक वेगळी प्रत करावी. मी शेवटी तेच केलं.

काकांनी सुरुवातीच्या काही फाइली बहिणीला पेनड्राइव्हवर दिल्या होत्या, तिथून सत्तरेक नावं परत मिळाली. कॅसेटच्या चिठ्ठ्या दुकानातून आलेल्या खोक्यासोबत केव्हाच रद्दीत गेल्या होत्या. उरलेल्या फाइली आम्ही दोघं एकेक करून ऐकतोय. बऱ्याच कॅसेटच्या सुरुवातीला, टाळ सुरू व्हायच्या आधी, आजोबा माइकजवळ येऊन तिथी, वार आणि बुवांचं नाव सांगतात. तेवढं ऐकायचं, टाइप करायचं, पुढची फाइल. ज्यांच्यावर ते बोललेले नाहीत अशा बावीस अजून बाकी आहेत.